डोंगरावर चढलेले वादळ



स्मृतिव्याख्यानाचा शिरस्ता असा की वक्त्याने प्रारंभी दिवंगत व्यक्तीच्या गुणांचे वर्णन करावे आणि मग त्या गुणांशी फारसा संबंध नसलेल्या विषयाकडे वळावे. या मालेचे चालक सुज्ञ असल्यामुळे त्यांनी मला पहिल्या भागातून मोकळे केले आहे. ज्यांच्या नावाने आपण येथे जमलो ते भूगोलाचे शिक्षक होते आणि स्वतःविषयी कोणी चार शब्द बरे बोललेले त्यांना खपत नसे, एवढे सांगून मी थेट विषयाला हात घालतो. समुद्रावर बळावलेले चक्रीवादळ किनारा ओलांडून डोंगराळ मुलखात शिरते तेव्हा त्याचे काय होते, हा आजचा विषय. वृत्तपत्रांत याचे उत्तर एका ओळीत मिळते: वादळ क्षीण झाले, धोका टळला. या ओळीचा पूर्वार्ध बहुतेक सर्वत्र खरा ठरतो. पण उत्तरार्धावर विश्वास ठेवून जी माणसे दगावली त्यांचा हिशेब कोणी मांडू लागला, तर त्याला समुद्राच्या लाटांनी बुडवलेल्यांच्या हिशेबाशेजारीच जागा द्यावी लागेल.

प्रथम असे एक उदाहरण घेऊ की ज्यात डोंगराने खरोखरीच उपकार केले. ऑक्टोबर २०१५ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागरावर पॅट्रिशिया नावाचे एक वादळ जन्माला आले, आणि पहिले दोन-तीन दिवस त्याच्याकडे कोणी विशेष लक्ष द्यावे असे त्यात काही नव्हते. परंतु नंतरच्या एका अहोरात्रात ते इतक्या झपाट्याने बळावले की २३ तारखेला त्याच्या पोटात शिरलेल्या विमानाने जी मापे आणली त्यांवरून त्याचा वारा ताशी सुमारे ३४५ किलोमीटर आणि केंद्रातील दाब ८७२ मिलिबार ठरला. पश्चिम गोलार्धात याहून प्रबळ वाऱ्याच्या वादळाची नोंद नव्हती. त्याच दिवशी सायंकाळी हालिस्को प्रांतात क्विश्माला नावाच्या किनाऱ्यावर ते जमिनीवर आले, तोवर त्याचा जोर काहीसा ओसरला होता, तरी वारा ताशी २४० किलोमीटरांच्या घरात होता. जगभरच्या वार्ताहरांनी रात्रभर जागून भीषण बातमीची वाट पाहिली. सकाळ झाली तेव्हा पश्चिम सिएरा माद्रेच्या रांगांत त्या वादळाचा नुसता सांगाडा उरला होता, आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य मावळण्यापूर्वी तोही नाहीसा झाला. मृतांची संख्या एका आकड्याच्या पुढे गेली नाही. याचे सगळे श्रेय पर्वताला देणे अन्यायाचे होईल, कारण वादळ जेथे उतरले तो भाग विरळ वस्तीचा, राखीव अरण्याचा होता, आणि पोर्तो व्हायार्ता व मान्सानियो ही दोन्ही मोठी गावे त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला सुटली. शिवाय लोकांना वेळेवर हलवलेही होते. तरी एका रात्रीत इतके अचाट वादळ विरून गेले, हे काम डोंगराचे.

हे काम डोंगर कसे करतो ते थोडे पाहिले पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच निघते. चक्रीवादळाची सारी मिजास समुद्राच्या जिवावर चाललेली असते. साधारणतः साडेसव्वीस अंशांहून अधिक उष्ण असलेल्या समुद्रावरून वाफ उठते, वर जाऊन तिचे पाणी होते, आणि वाफेचे पाणी होताना जी गुप्त उष्णता बाहेर पडते ती वादळाचे अंतरंग तापवते. अंतरंग तापले की खालचा दाब उतरतो, दाब उतरला की चोहोबाजूंनी वारा आत धावतो, आणि धावत येताना समुद्रावरून आणखी वाफ उचलून आणतो. हे रहाटगाडगे जोवर समुद्रावर आहे तोवर त्याला सरपणाची चिंता नसते. किनारा ओलांडला की वाफेचा पुरवठा तुटतो, आणि झाडे, घरे, टेकड्या यांवरून घासत जाताना खालच्या वाऱ्याची गती मंदावून तो भोवऱ्यात गरगर फिरण्याऐवजी थेट केंद्रात घुसू लागतो, आणि केंद्रातील पोकळी भरत जाते. अमेरिकेतील काप्लान आणि डिमारिया या दोन अभ्यासकांनी १९९५ मध्ये किनाऱ्यावर आलेल्या वादळांची जुनी दप्तरे चाळून एक नियम बसवला, त्यावरून सपाट मुलखातसुद्धा वाऱ्याचा ऊतमात सुमारे सात तासांत निम्म्यावर येतो असे दिसते. ही झाली मैदानाची गोष्ट.

डोंगर आडवा आला म्हणजे याहून अधिक मूलगामी प्रकार घडतो. वादळाचा भोवरा पंधरा-सोळा किलोमीटर उंच असला, तरी आत धावणाऱ्या वाऱ्याचा मुख्य ओघ तळच्या एक-दीड किलोमीटरांत असतो, आणि नेमका हाच थर पर्वताच्या भिंतीला जाऊन भिडतो. वरचा भाग रांग ओलांडून पुढे निघून जातो, खालचा अलीकडच्या दऱ्यांत अडकतो, आणि समुद्रमंथनानंतर सुदर्शनाने राहूचे शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे केले तशी त्या वादळाची गत होते: दोन्ही तुकडे काही काळ जिवंत असतात, पण एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. तैवान बेटाच्या मध्यभागी जी पर्वतरांग आहे तिची शिखरे चार हजार मीटरांच्या जवळ पोहोचतात. तेथील वेधशाळांनी रांगेच्या पलीकडे, मूळ केंद्रापासून दूर, दुसरेच एक केंद्र उभे राहिल्याचे अनेकदा नोंदले आहे. याशिवाय उंच पठारावरची कोरडी हवा भोवऱ्यात ओढली जाते आणि उरलीसुरली धगही विझवते. सारांश, वाऱ्याचा अंमल संपवण्याच्या बाबतीत पर्वताइतका कर्तबगार अंमलदार दुसरा नाही.

परंतु वारा मोडला म्हणून त्या वाऱ्याने वाहून आणलेली वाफ कोठे गेली? ती होती तेथेच असते. उलट, जी हवा मैदानावर आडवी वाहून गेली असती तिला डोंगर उतारावरून वर ढकलतो, दर हजार मीटरांना पाच-सहा अंशांनी ती निवते, आणि समुद्रावर आठवडाभर साठवलेले पाणी काही तासांत, काही कोसांच्या पट्ट्यात, पिळून निघते. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या श्रोत्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागू नये. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आले की तो त्याच्या एक-अष्टमांशाच्या आसपास येतो, यात वाऱ्याचे कर्तृत्व थोडे आणि कड्याचे अधिक. आता हीच कड्याची करामत, पण मोसमी वाऱ्याच्या जागी चक्रीवादळाने आणलेली दमट हवा, अशी कल्पना करा, आणि ते वादळ धावत निघून जाण्याऐवजी एका जागी ठाण मांडून बसले आहे असेही त्यात मिळवा. १९९८ च्या ऑक्टोबरात मध्य अमेरिकेत नेमके हेच झाले.

त्या वादळाचे नाव मिच. २६ ऑक्टोबरला कॅरिबियन समुद्रावर असताना त्याचा वारा ताशी २९० किलोमीटर आणि दाब ९०५ मिलिबार होता. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोर, ग्वानाहा बेटाच्या आसपास, ते दीड-दोन दिवस जवळजवळ निश्चल राहिले. त्याला हाकून नेणारे वरच्या थरातील वारे त्या वेळी मंदावले होते. या मुक्कामात होंडुरासचे डोंगर त्याला दुरूनच भोवले, जमिनीवरून येणारी हवा त्याच्या वर्तुळात मिसळली, आणि २९ तारखेस ला सेइबाच्या पूर्वेस ते किनाऱ्यावर आले तेव्हा वारा ताशी १३० किलोमीटरांवर उतरला होता. वाऱ्याच्या प्रतवारीप्रमाणे पाहिले तर पाचव्या श्रेणीचे वादळ पहिल्या श्रेणीत आले होते, आणि डोंगरात शिरल्यावर तर ती श्रेणीही गेली. हवामानखात्याच्या पत्रकांत ही उतरती भाजणी अगदी बिनचूक नोंदलेली आहे. ज्या दिवसांत ही पत्रके निघत होती त्याच दिवसांत मध्य अमेरिकेत अकरा हजारांहून अधिक माणसे मेली किंवा कायमची बेपत्ता झाली. अटलांटिक महासागरावरच्या वादळांत याहून मोठी मनुष्यहानी शोधायची तर १७८० सालापर्यंत मागे जावे लागते.

आणि येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वादळ आले ते उत्तरेकडून, कॅरिबियन समुद्रातून. पण सर्वांत भयंकर पाऊस झाला तो होंडुरासच्या दक्षिण अंगाला, पॅसिफिककडे तोंड असलेल्या उतारांवर. होंडुरासवर रेंगाळलेले ते फिरते वर्तुळ दक्षिणेच्या महासागरावरूनही हवा ओढून घेत होते, आणि ती हवा वादळाच्या केंद्रापासून शेकडो किलोमीटरांवर असलेल्या डोंगरांना जाऊन धडकत होती. चोलुतेका शहरी त्या काही दिवसांत सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस झाला. त्यातला निम्मा एका दिवसातला. नकाशावर वादळाच्या केंद्राचा मार्ग एका रेघेने दाखवतात, त्या रेघेपासून आपले गाव लांब आहे हे पाहून जो निर्धास्त झाला असेल त्याला दोष कसा द्यावा?

निकाराग्वाच्या वायव्येस कासिता नावाचा एक जुना ज्वालामुखी आहे, उंची सुमारे १,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडा ठेंगणा. तो जागृत झाला नव्हता. परंतु ज्वालामुखीच्या पोटातील वाफांनी युगानुयुगे भाजून, आंबवून त्याचा खडक इतका भुसभुशीत केला होता, आणि भेगांनी तो इतका पोखरलेला होता, की चार-पाच दिवसांच्या अखंड पावसाने त्या भेगा भरल्यावर शिखराजवळच्या कड्याचा एक तुकडा ३० ऑक्टोबरच्या सकाळी, अकराच्या सुमारास, सुटला. सुटलेला तुकडा तसा मोठा नव्हता. पण उतारावरून खाली येताना त्याने ओल्या मातीचे, झाडांचे, धोंड्यांचे असे भरताड गोळा केले की पायथ्याशी पोहोचेपर्यंत त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढले आणि त्याचा प्रवाह रुंदावून किलोमीटरभराहून अधिक झाला. एल पोर्वेनिर आणि रोलान्दो रोद्रिगेस या दोन वस्त्या त्याच्या वाटेत होत्या. त्यांतले बहुतेक रहिवासी शेतमजूर आणि लहान शेतकरी. वाचलेल्यांपैकी काहींनी पुढे सांगितले की प्रथम हेलिकॉप्टर आल्यासारखा आवाज झाला, आणि मदत आली असे समजून माणसे बाहेर डोकावली. दोन हजारांहून अधिक माणसे त्या चिखलाखाली गेली. दोन्ही वस्त्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती पूर्वी कधीतरी अशाच प्रवाहांनी आणून टाकलेली होती. म्हणजे डोंगराने आपल्या वहिवाटीची जागा परत घेतली, असे एखादा कठोर कारकून लिहू शकेल.

पोसोल्तेगा या नगरपालिकेच्या हद्दीत हे घडले. तिच्या महापौर फेलिसिता सेलेदोन यांनी घडलेला प्रकार राजधानीला कळवला तेव्हा राष्ट्राध्यक्ष आलेमान यांना त्यांचे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटले, आणि मदत येण्यास जो विलंब झाला त्याची चर्चा त्या देशात पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. राष्ट्राध्यक्षांची बाजू घेणे मला अवघड वाटते. पण त्यांच्यासमोरच्या मेजावर त्या दिवशी कोणते कागद असतील याची कल्पना करणे अवघड नाही. वादळ शेजारच्या देशात, केंद्र दूर, वारा रोज उतरता. अशा दस्तऐवजाच्या पुढ्यात बसलेल्या माणसाला एका लहान गावातून दोन हजार माणसे गाडली गेल्याचा निरोप यावा, आणि तो त्याने एकदम खरा मानावा, हे कोणत्या राजधानीत घडते?

होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पा ही डोंगरांच्या कुशीत वसलेली. तेथे एल बेरिंचे नावाची टेकडी खचली आणि तिने चोलुतेका नदीचे पात्रच अडवले. शहराचा खोलगट भाग कुजक्या पाण्याखाली राहिला. महापौर सेसार कास्तेयानोस पुराची पाहणी करताना १ नोव्हेंबरला हेलिकॉप्टर कोसळून मरण पावले. राष्ट्राध्यक्ष फ्लोरेस यांनी पन्नास वर्षांची प्रगती वाहून गेल्याचे सांगितले, ते नुकसानीचे आकडे पाहता पुढाऱ्याचे अलंकारिक भाषण म्हणून सोडून देता येत नाही. त्याच नदीवर खाली, चोलुतेका शहराजवळ, जपानी कंपनीने बांधलेला नवाकोरा पूल पुरातून जवळजवळ जसाच्या तसा उभा राहिला, दोन्ही बाजूंचे रस्ते नाहीसे झाले, आणि नदीने आपले पात्र बदलून पुलाखालून वाहण्याचे सोडून दिले. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत ही गोष्ट हल्ली इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्यातले पाणी आटले आहे. माझ्या मनात तिच्याविषयी एवढेच येते की पूल वाऱ्यापासून वाचणे ही कधीच मोठी गोष्ट नव्हती. आणि मिच? डोंगरांनी त्याचा खातमा केला असे सर्वांनी गृहीत धरल्यावर त्याचे अवशेष मेक्सिकोच्या आखातावर सरकले, तेथे पुन्हा त्यांना उष्ण समुद्र मिळाला, आणि ५ नोव्हेंबरला तेच वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हजर झाले.

गरीब देश, ठिसूळ ज्वालामुखी, दुबळे प्रशासन म्हणून असे घडले असे कोणी म्हणेल, तर त्याच्यासाठी एक दाखला जवळ ठेवावा. १७ ऑगस्ट १९६९ च्या रात्री कमिल हे वादळ अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आले आणि त्याने तेथे जो उत्पात केला तो सर्व इतिहासांत आहे. पुढे दोन दिवस जमिनीवरून जाताना ते एक साधे न्यूनदाबक्षेत्र झाले आणि हवामानखात्याच्या लेखी त्याचे प्रकरण जवळजवळ मिटले. १९ तारखेच्या रात्री व्हर्जिनियातील ब्ल्यू रिज पर्वताच्या उतारावर, नेल्सन नावाच्या एका शांत परगण्यात, लोक नेहमीप्रमाणे झोपले. पहाटेपर्यंत तेथे २७ इंचांच्या आसपास पाऊस पडला. डोंगरांच्या अंगावरची माती झाडांसकट सोलून निघाली, आणि त्या लहानशा परगण्यात सव्वाशेच्या आसपास माणसे मेली. झाडांवर बसलेले पक्षी त्या पावसात बुडून मेले असे तिकडचे लोक अजून सांगतात.

तेव्हा प्रश्न असा की आपण वादळ मोजतो ते कशाने? जी पाच श्रेणींची मोजपट्टी हल्ली शाळकरी मुलांनाही पाठ असते, ती हर्बर्ट सॅफिर या स्थापत्य-अभियंत्याने आणि रॉबर्ट सिम्प्सन या हवामानशास्त्रज्ञाने सिद्ध केली. सॅफिर इमारतींचे जाणकार होते, आणि किती वाऱ्यात कोणते छप्पर उडेल हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता आणि उत्तरही नेटके मिळाले. पण ही मोजपट्टी फक्त वाऱ्याची आहे; पावसाला तीत कधीच जागा नव्हती, आणि लाटेचा जो उल्लेख होता तोही २०१० मध्ये काढून टाकण्यात आला. याच्या उलट, एडवर्ड रॅपापोर्ट यांनी २०१४ मध्ये १९६३ पासूनच्या पन्नास वर्षांतील अमेरिकेतल्या मृत्यूंचा हिशेब केला तेव्हा दर दहांतील नऊ माणसे पाण्याने, म्हणजे समुद्राच्या लाटेने किंवा पावसाच्या पुराने, मेलेली निघाली. इमारतीसाठी केलेली मोजपट्टी माणसांना लावली गेली, आणि ती सोपी असल्यामुळे इतकी रुळली की तिचा आकडा उतरला म्हणजे सरकारी कचेऱ्यांपासून घरोघरच्या दूरदर्शनसंचांपर्यंत सगळीकडे सुटकेचा श्वास टाकला जातो. २००९ च्या ऑगस्टमध्ये मोराकोट हे तैवानवर आलेले वादळ वाऱ्याने सामान्य होते. अलिशानच्या वेधशाळेत मात्र त्या काही दिवसांत २,७०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला गेला आणि शियाओलिन हे गाव दरडीखाली जवळजवळ सगळेच्या सगळे गेले. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन हे वादळ फ्लोरिडात उतरले आणि त्याचे पाणी तेथून शेकडो मैल उत्तरेस, ॲपलेशियन डोंगरांतल्या ॲशव्हिल शहराभोवती, कोसळले. त्या वेळी तिकडच्या हवामानखात्याने पुराचा इशारा अगदी स्पष्ट शब्दांत आगाऊ दिला होता, आणि तरीही एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून अधिक माणसे गेली. डोंगरात राहणाऱ्याला समुद्राचे भय शिकवणे कठीण आहे.

आता आपल्या घराकडे वळतो. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने, ताशी ११० ते १२० किलोमीटरांच्या वाऱ्यानिशी किनाऱ्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्यावर क्षीण होत गेले. मुंबई वाचली म्हणून मुंबईच्या वृत्तपत्रांना हायसे वाटले. सह्याद्रीने वादळ मोडले, असेही त्या दिवसांत बोलले गेले, आणि त्यात तथ्यांश आहे. पण सह्याद्री म्हणजे सिएरा माद्रे किंवा तैवानची रांग नव्हे. त्याची सर्वसाधारण उंची हजार-बाराशे मीटर, आणि तो किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत. वादळाची धाव त्या दिवशी चांगली वेगवान होती, त्यामुळे भोवरा घाटावर चढला तेव्हा खिळखिळा झाला असला तरी शाबूत होता, आणि मावळ-मुळशीपर्यंत घरांचे पत्रे उडाले. कोकणच्या पट्टीला तर डोंगराचा काडीमात्र उपयोग नव्हता, कारण ती डोंगराच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला आहे. संरक्षक भिंत उभी आहे खरी, पण हा मुलूख तिच्या बाहेर पडतो.

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, दापोली, मंडणगड या भागांत वाऱ्याने जे केले ते ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. या वाड्यांचे क्षेत्र गुंठ्यांत मोजायचे असते, आणि त्या गुंठ्यांत वर नारळ, मध्ये सुपारी, सुपारीवर चढवलेला मिरवेल, सावलीत जायफळ अशी तीन-चार पिढ्यांच्या हातची लावणी असते. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याच्या नमुन्यात मात्र नुकसान हेक्टरी लिहायचे. पाच गुंठ्यांतली शंभर झाडे हेक्टरच्या भाषेत मांडली की भरपाईचा आकडा इतका केविलवाणा निघे की बागायतदारांनी झाडागणिक मोजणीची मागणी लावून धरली. मापाचे एकक चुकले की नुकसान कागदावरून कसे नाहीसे होते, याचा हा कोकणी दाखला, आणि ज्यांना वाऱ्याच्या श्रेणींचा माझा आक्षेप फार तात्त्विक वाटला असेल त्यांनी तो जरूर पाहावा.

निसर्ग वेगाने गेले म्हणून घाटमाथ्यावर पाऊस साचून राहिला नाही, हे आपले सुदैव. ते जर मिचप्रमाणे दोन दिवस रायगडवर थांबले असते, आणि तेही जूनच्या प्रारंभी न येता जुलैत, भिजून गच्च झालेल्या उतारांवर आले असते, तर काय झाले असते याचा अंदाज करण्यास चक्रीवादळाचीही गरज नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरडीखाली गेले, सुमारे दीडशे माणसांसह; नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एस.टी.च्या चालकाला गाव असायला हवे होते तेथे गाव दिसले नाही, आणि त्याच्याकडून बातमी बाहेर आली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडी. तिन्ही वेळा वारा असा नव्हताच. कोणत्याही श्रेणीत बसेल असे काही समुद्रावर नव्हते. नुसती दमट हवा, नुसता कडा, आणि पाऊस.

त्या पावसाची नोंद कोठे होते हे विचारावे. पूर्वी ती मामलेदार कचेरीच्या आवारात होई: पाच इंच व्यासाचे एक नरसाळे, त्याखाली बाटली, आणि सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतून आकडा वहीत चढवणारा कारकून. हल्ली महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रे आली आहेत, ही मोठी सुधारणा आहे आणि तिचे श्रेय देण्यात मी हात आखडणार नाही. पण कचेरी काय, मंडळाचे गाव काय, ही वसतात खोऱ्यात, जेथे रस्ता, बाजार आणि सपाट जागा असते. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे; माळीण तेथून पश्चिमेला, डिंभे धरणाच्या फुगवट्यावरच्या डोंगरांत, आणि या दोन ठिकाणांमधील अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे असले तरी पावसाचे मान एक नाही, हे तेथला कोणीही शेतकरी सांगेल. मोराकोटचा तो अचाट आकडा जगाला कळला याचे कारण अलिशानची वेधशाळा दोन हजार चारशे मीटरांवर, त्या पावसाच्या ऐन माऱ्यात बसवलेली होती. ती पायथ्याच्या एखाद्या तालुक्याच्या गावी असती तर मोराकोट आजही एक सामान्य वादळ म्हणूनच दप्तरी राहिले असते. आपल्या घाटमाथ्यावर, वस्त्यांच्या वरच्या अंगाला, अशी मापके बसवायची तर जागा अडचणीच्या आहेत, देखभालीला माणूस लागेल, जुलैत तेथवर जाणे सोपे नाही, आणि कोणत्या खात्याने खर्च उचलायचा याचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालेल. तरी एका जिल्ह्याच्या वार्षिक अंदाजपत्रकात ही रक्कम शोधून काढावी लागेल इतकी लहान आहे. या सभागृहात जिल्हा नियोजनाशी संबंध असलेली काही मंडळी बसलेली मला दिसतात. त्यांना व्याख्यान संपल्यावर पाच मिनिटे थांबण्याची विनंती करून मी खाली बसतो.